नकार लपवू नका: बेळगाव भागातल्या व्हिसा एजंटांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात व्हिसाची कामं करून देणाऱ्या सर्व एजंट आणि कन्सल्टंट मंडळींना,

स. न. वि. वि.

मी येळ्ळूरचा एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझी मुलगी कॅनडात, ओंटारिओ प्रांतात राहते. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, तिला भेटायला जाण्यासाठी २०२२ पासून तीन वेळा व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला. तिन्ही वेळा नकार आला. पहिले दोन नकार आम्ही सोसले. तिसऱ्या नकारासोबत मात्र खोटी माहिती दिल्याचा ठपका आला आणि पाच वर्षांची बंदी आली. जून २०३० पर्यंत तिला त्या देशात पाऊल ठेवता येणार नाही. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची असेल.

ज्या खोट्याबद्दल ही बंदी आली ते ती बोललेली नाही. तुमच्यापैकी एकानं ते तिच्या नावावर लिहिलं, तिला न विचारता, आणि लिहिल्यावरही न सांगता.

त्या माणसाचं नाव मी इथं घेत नाही. घेतलं तर बाकीचे मोकळे होतील. गेल्या काही महिन्यांत मी गावात, शेजारच्या गावांत, पेन्शनर मंडळींच्या बैठकीत हा विषय काढला. जिथं काढला तिथं कुणी ना कुणी हळूच म्हणालं, "आमच्याबी फॉर्मात तसंच केलंय, गुरुजी." एकाच ऑफिसची चूक असती तर मी तिथं जाऊन भांडलो असतो. पण आता ही रीतच पडली आहे, म्हणून सगळ्यांना लिहितो आहे.

आधी काय घडलं ते सांगतो.

मुलीला फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिलं बाळ होणार होतं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तिला नोकरी सोडून इतक्या लांब येता येत नव्हतं, तेव्हा आईनंच तिकडं जायचं ठरलं. सुगी आटोपली की जानेवारीत निघायचं, चार महिने राहायचं आणि मेअखेरच्या धूळवाफ पेरणीआधी परत यायचं. कुणीतरी म्हणालं, एकदा गेलीस की तिकडंच राहशील. त्यावर ती म्हणाली होती, "मी काय तिकडं ऱ्हायला चाललोय व्हय? हिकडं म्हातारीचं कोण बघणार, म्हशीची धार कोण काढणार?" म्हातारी म्हणजे माझी आई. तिचं वय ऐंशीच्या पुढं आहे आणि तिला सुनेच्याच हातचं लागतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही शहरातल्या एका ऑफिसात गेलो. समोरच्या माणसानं मराठीत स्वागत केलं, चहा मागवला, "तुम्ही आपली माणसं, गुरुजी, काळजी सोडा" म्हणाला. पत्नीनं सरळ सांगितलं, लेकीचं बाळंतपण आहे. तो म्हणाला, "बाळंतपणाचं अजिबात लिहायचं नाही. त्यांना वाटतं बाई कामाला चाललीय. नायगारा बघायला जायचं असं लिहू." आणि तसंच लिहिलं. मुलीनं पाठवलेलं निमंत्रणाचं पत्र, तिच्या डॉक्टरांनी दिलेला प्रसूतीच्या तारखेचा दाखला, जावयाच्या पगाराचा कागद हे सगळं फाइलमधून बाजूला काढलं. राहायची सोय हॉटेलात दाखवली. जिनं उभ्या आयुष्यात सौंदत्तीची यल्लम्मा, जोतिबा आणि एकदा पंढरपूर एवढाच प्रवास केला, ती एकोणसाठ वर्षांची बाई नवऱ्याला घरी ठेवून एकटी चार महिने धबधबा बघायला चालली आहे, असा तो अर्ज झाला.

डिसेंबरात नकार आला. भेटीचा उद्देश पटत नाही, आणि मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल अशी खात्री वाटत नाही, अशी कारणं होती. त्या अधिकाऱ्याचा मला तेव्हाही राग आला नाही आणि आजही नाही. तो अर्ज माझ्यापुढं आला असता तर मलाही पटला नसता. खरं लिहिलं असतं तर कदाचित तरीही नकार आला असता. पण तो आमच्या खऱ्या परिस्थितीला आला असता, आणि तिच्यात काय कमी पडतंय ते आम्हाला कळलं असतं.

बारसं आम्ही मोबाइलवर बघितलं. तिनं करून ठेवलेले डिंकाचे लाडू शेवटी गल्लीतल्या दुसऱ्या एका बाळंतिणीला दिले.

दुसरा अर्ज सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच ऑफिसातून गेला. तेच कागद, तोच नायगारा, बदलल्या त्या फक्त तारखा. पहिल्यांदा जे पटलं नाही ते आता कसं पटेल, असं मी विचारलं. "दुसऱ्यांदा अधिकारी वेगळा असतो," असं उत्तर मिळालं. तेव्हा भारत आणि कॅनडा यांचे संबंध बिघडले होते. ऑक्टोबरात कॅनडानं आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत नेले. जानेवारी २०२४ मध्ये नकार आला तेव्हा ऑफिसनं सगळा दोष त्या भांडणावर टाकला. मी नकारपत्र शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात दोन देशांच्या भांडणाचा उल्लेखही नव्हता. कारणं पहिल्या पत्रातलीच होती.

तिसऱ्या वेळी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आम्ही ऑफिस बदललं. या खेपेला मी आधी बोललो. दोन्ही नकारपत्रं टेबलावर ठेवली आणि म्हणालो, हे झालेलं आहे, याचं काय करायचं ते सांगा. त्या माणसानं दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या, मान डोलावली, "बघतो मी, तुम्ही नुसतं इथं सही करा" म्हणाला. पत्नीनं सही केली. मी शेजारी बसलो होतो. छत्तीस वर्षं पोरांना "वाचल्याशिवाय लिहू नका" असं सांगणारा मी, त्या दिवशी तिला तो कागद वाचून दाखवला नाही. एवढी चूक माझी आहे आणि ती मी तिच्यापाशी कबूल केली आहे.

जूनअखेर फोन आला. "रिजेक्ट झालं, गुरुजी. नशीब." नकारपत्र मागितलं तर "सिस्टीमात आहे, पाठवतो" म्हणाले. ते आलं नाही. मी दोनदा हेलपाटा घातला, तरी मिळालं नाही. शेवटी मुलीनं तिकडून माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला. पाच डॉलर फी आणि आईच्या सहीचं संमतिपत्र एवढंच लागलं. सप्टेंबरात तिला अधिकाऱ्याच्या नोंदी मिळाल्या. संध्याकाळी फोन करून तिनं त्या आधी इंग्रजीत वाचल्या, मग मराठीत सांगितल्या. अधिकाऱ्यानं लिहिलं होतं: अर्जदारानं 'याआधी कधी व्हिसा नाकारला आहे का' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं आहे. आमच्या दफ्तरी दोन नकार आहेत. खुलासा मागवणारं पत्र ई-मेलनं पाठवलं, दहा दिवसांची मुदत दिली. उत्तर आलं नाही.

पत्नी चुलीपुढं बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मी कधी न्हाई म्हटलं?"

त्यानंतर बरेच दिवस ती भजनाला गेली नाही. व्हिसा नाही मिळाला याचं तिला एवढं वाटत नव्हतं. परदेशातल्या सरकारी दफ्तरात आपल्या नावापुढं 'खोटं बोलली' असं लिहिलंय, ते पुसता येत नाही, हे तिच्या मनातून जाईना. तुम्ही फॉर्म भरताना ज्याला 'एक टिक' म्हणता, तिचा अर्थ आमच्या घरात हा झाला.

आता माझ्या तक्रारी मुद्द्यानं मांडतो.

सगळ्यात मोठी तक्रार नकार लपवण्याची. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्मात प्रश्न स्पष्ट असतो: कॅनडानं किंवा दुसऱ्या कुठल्याही देशानं तुम्हाला कधी व्हिसा किंवा परमिट नाकारलं आहे का, प्रवेश नाकारला आहे का, देश सोडायला सांगितलं आहे का? 'कुठल्याही देशानं' यात दहा वर्षांपूर्वी नाकारलेला अमेरिकेचा व्हिसाही आला. खरं उत्तर देणं हे त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १६ नुसार अर्जदाराचं कर्तव्य आहे. महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली तर कलम ४० नुसार पाच वर्षांची बंदी येते. त्या काळात ना व्हिजिटर व्हिसा, ना तिथं स्थायिक होण्याचा अर्ज. ब्रिटनच्या नियमांत फसवणुकीच्या अर्जाला दहा वर्षांची बंदी आहे. अमेरिकेत जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं ठरलं तर बंदीला मुदतच नाही, ती कायमची.

आणि लपवता तरी कुणापासून? कॅनडानं कॅनडाच्याच नकाराची नोंद ठेवलेली असते. बोटांचे ठसे दिलेले असतात. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश इमिग्रेशनची माहिती एकमेकांकडून मागवतात. हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही हा धंदा करू नये. माहीत असून करत असाल, तर फॉर्म भरताना धोका दुसऱ्याच्या डोक्यावर आहे एवढंच तुम्ही बघितलंत, कारण बंदी अर्जदारावर येते, एजंटावर येत नाही. 'एजंटानं भरलं होतं' हे सांगून सुटका होत नाही. सही अर्जदाराची असते.

यात सगळ्यात वाईट हे, की लपवण्याची गरजच नव्हती. आधीचा नकार म्हणजे बंदी नव्हे. नकारानंतर पुन्हा अर्ज करायला कॅनडात ठरावीक मुदत थांबावं लागत नाही. फक्त आधी जे कमी पडलं ते या वेळी भरून दाखवावं लागतं. "होय, दोनदा नकार आला, या तारखांना, या कारणांसाठी. पहिल्या दोन अर्जांत भेटीचं खरं कारण लिहिलेलं नव्हतं, ते असं आहे, आणि त्याचे हे पुरावे" एवढं एक पानभर पत्र लागलं असतं. ते आम्ही मराठीत लिहून दिलं असतं, तुम्ही इंग्रजी करायचं होतं. तुमची फी मला त्याच कामासाठी द्यायची होती.

दुसरी तक्रार ई-मेलची. माझ्या पत्नीच्या नावानं अर्ज गेला तो ऑफिसनं उघडलेल्या ई-मेलवरून. त्याचा पासवर्ड आमच्याकडं कधीच नव्हता. खुलाशाचं पत्र तिथं आलं, तिथंच पडून राहिलं. अशा पत्राला त्यांच्याकडं प्रोसीजरल फेअरनेस लेटर म्हणतात. ठपका ठेवण्याआधी माणसाला बोलायची संधी मिळावी म्हणून ते पाठवतात. ते दहा दिवस आम्हाला मिळाले असते तर मुलीनं एका रात्रीत खुलासा लिहून पाठवला असता: दोन्ही नकारपत्रं आम्ही एजंटाला दिली होती, हा घ्या पुरावा. नकारानंतर तिथल्या फेडरल कोर्टात दाद मागायला देशाबाहेरच्या निर्णयांसाठी साठ दिवस असतात. तेही आम्हाला नोंदी मिळेपर्यंत संपले. एका बाईची बाजू तिच्याच नावाच्या ई-मेलमध्ये कुलूपबंद राहिली आणि किल्ली तुमच्या टेबलाच्या खणात.

कागदांचं काय होतं तेही सांगतो, कारण आमच्या भागात याचा त्रास फार आहे. आमचे जमिनीचे उतारे कानडीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. आमच्या उताऱ्यावर क्षेत्र दोन एकर चौदा गुंठे आहे. भाषांतरात ते '२.१४ एकर' झालं. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे चौदा गुंठे ०.३५ एकर, हे गणित मी चौथीच्या पोरांना घातलेलं आहे. सोबतच्या पत्रात तर थेट 'चौदा एकर' लिहिलं. एकाच फाइलमध्ये एकाच जमिनीची दोन मापं, दोन्ही चुकीची. शिवाय उताऱ्यावर नाव माझ्या वडिलांचं, वाटणी अजून झालेली नाही. आमच्याकडं निम्म्या गावाची हीच स्थिती आहे. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या कार्यालयातून, वंशवृक्षाचा दाखला काढून जोडला असता तर ही जमीन आमची कशी ते कुणालाही समजलं असतं. तो कुणी मागितलाच नाही.

पत्नीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. लग्नात नाव बदलायची पद्धत इथं सगळ्यांना ठाऊक आहे, सात समुद्रांपलीकडच्या अधिकाऱ्याला कशी असेल? जन्मगाव एका कागदावर 'बेलगाम', दुसऱ्यावर 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव बदललं. हे समजावणाऱ्या दोन ओळी कुठंच नव्हत्या.

माझं पेन्शनचं पत्र जोडलं नाही. दर महिन्याला सरकारी खात्यातून येणारा पैसा हा आमचा सगळ्यात भक्कम कागद होता. सोसायटीतल्या ठेवीच्या पावत्या "चालत नाहीत" म्हणून परत दिल्या. उलट "कुणाकडून तरी पाच लाख घेऊन आठवडाभर खात्यात ठेवा" असा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही. पण मानणारे पुष्कळ आहेत, व्याजानं पैसे आणून खात्यात घालतात. आठवड्यापूर्वी आलेली मोठी रक्कम बँकेच्या स्टेटमेंटमध्ये लपत नाही. ती आली कुठून, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. खऱ्या शेतकऱ्याला, खऱ्या पेन्शनरला तुम्ही असं संशयित करून ठेवता.

पैशांविषयी एकच गोष्ट. कॅनडाची व्हिजिटर व्हिसाची फी १०० डॉलर आणि बायोमेट्रिकची ८५ डॉलर. बायोमेट्रिक एकदा दिलं की दहा वर्षं चालतं. पत्नीनं २०२२ मध्ये पुण्याला जाऊन ठसे दिले होते, ते २०३२ पर्यंत चालले असते. तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही अर्जांच्या वेळी आमच्याकडून ८५ डॉलर पुन्हा घेतले, प्रत्येक वेळी सुमारे पाच हजार रुपये. पावती दिली नाही.

मुलगी २०२४ च्या सुरुवातीला तिथली कायम रहिवासी झाली. त्यानंतर आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा नावाचा वेगळा मार्ग खुला होतो. मुलीचं ठरावीक उत्पन्न, तिचं निमंत्रणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख डॉलरचा एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. तो मिळाला तर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. हे सरकारी संकेतस्थळावर उघड लिहिलेलं आहे. तिसऱ्या अर्जाच्या वेळी आम्हाला हे कुणीही सांगितलं नाही. आता बंदीमुळं तोही रस्ता बंद.

अजून एक, आणि हे लिहिताना मला जड जातंय. तुमच्याकडं आम्ही का येतो? तुम्ही मराठीत बोलता म्हणून. १९५६ नंतर आमच्या तीन पिढ्यांनी न वाचता येणाऱ्या कागदांवर सह्या केल्या आहेत. उतारा कानडीत, नोटीस कानडीत, वीजबिल कानडीत. काउंटरवरचा माणूस बोट ठेवतो आणि आम्ही सही करतो. ही सवय आम्हाला हौसेनं लागलेली नाही. अशा माणसांपुढं कुणी मराठीत "आपली माणसं" म्हणून खुर्ची पुढं केली की तो कागद आम्ही डोळे मिटून त्याच्या हाती देतो. सीमाभागातल्या मराठी माणसाचा हा विश्वास तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. त्या विश्वासावर इंग्रजीतला खोटा कागद पुढं सरकवला जातो, तेव्हा कानडी काउंटरबद्दल आम्ही जी तक्रार इतकी वर्षं करत आलो, तीच तुमच्याबद्दल करावी लागते.

तुमच्यात चांगलं काम करणारे आहेत हे मला ठाऊक आहे. आमच्याच भागातल्या एका घरच्या म्हाताऱ्याला दोन नकारांनंतर व्हिसा मिळाला. त्याच्या एजंटानं पहिल्याच पानावर दोन्ही नकारांची माहिती दिली होती. अशा लोकांना माझ्या मागण्या जाचक वाटणार नाहीत.

मागण्या या आहेत.

फॉर्म पाठवण्याआधी त्यातला प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर अर्जदाराला मराठीत वाचून दाखवा. ज्यांना मराठी येत नाही त्यांना कानडीत, उर्दूत. एक छापील प्रत सहीसकट त्यांच्या हाती द्या.

आधीच्या नकाराच्या प्रश्नाला खरंच उत्तर द्या. कुणी ग्राहक स्वतः "लपवा" म्हणाला तरी नाही म्हणा, आणि ते काम घेऊ नका.

ई-मेल आणि खातं अर्जदाराच्या किंवा त्याच्या मुलाबाळांच्या फोनवर उघडा. पासवर्ड त्यांच्याकडं असू द्या. पत्र आलं की ते आधी त्यांना दिसलं पाहिजे. २०२५ च्या जुलैअखेरीपासून कॅनडा काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या नोंदीही पाठवू लागला आहे. नकारपत्र हा अर्जदाराचा कागद आहे, तो मूळ रूपात त्याला मिळालाच पाहिजे.

कॅनडाच्या कायद्यात पैसे घेऊन अर्जाचा सल्ला द्यायला परवाना लागतो: तिथल्या वकील संघटनेचा सभासद (वकील किंवा पॅरालीगल), क्युबेकचा नोटरी किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सभासद. या संस्थेच्या सभासदांची यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. तुमच्याकडं असा परवाना असेल तर नंबर पाटीवर लिहा आणि अर्जात प्रतिनिधीचा फॉर्म जोडून स्वतःचं नाव द्या. नसेल तर तसं ग्राहकाला आधी सांगा. अर्ज स्वतः अर्जदारानंच भरला असं भासवून मागं लपू नका.

सरकारी फी आणि तुमची फी वेगळी लिहून पावती द्या. गॅरंटीच्या पाट्या काढा. व्हिसाची हमी कुणालाही देता येत नाही.

जिल्हा प्रशासनालाही या पत्राद्वारे एक विनंती. पंजाबनं २०१२ मध्ये ट्रॅव्हल एजंटांसाठी कायदा केला. तिथं व्हिसाचा सल्ला देणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागतो. टिळकवाडीपासून कॉलेज रोडपर्यंत किती पाट्या आहेत आणि त्यामागं कोण बसलं आहे, याची निदान नोंद तरी जिल्ह्यात व्हावी. वर्षाला एकदा तपासणी व्हावी. तक्रार घेऊन जायला एक खिडकी असावी, आणि तिथं मराठीतली तक्रारही घेतली जावी.

आता शेवटचं, आणि हे फक्त त्या एका ऑफिससाठी आहे जिथून आमचा तिसरा अर्ज गेला. तुम्ही हे वाचाल, कारण मी हे तुमच्या गल्लीतही वाटणार आहे.

मला तुमचे पैसे परत नकोत. मुलीनं तिथल्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, ते उत्तर अर्जदारानं दिलेलं नव्हतं, तिनं दोन्ही नकारपत्रं आधीच दाखवली होती आणि खुलाशाचं पत्र तिच्यापर्यंत पोचलंच नाही, असं एजंटाचं लेखी निवेदन मिळालं तर फेरविचाराची विनंती करून बघता येईल. होईलच असं नाही, असंही तो म्हणाला. ते निवेदन मला द्या. सहीचं, शिक्क्याचं, तारखेसह. आमच्या नकारपत्रांच्या तुम्ही काढलेल्या झेरॉक्सही जोडा, आणि त्या ई-मेलचा पासवर्ड. एवढे तीन कागद. नातू आता तीन वर्षांचा होत आला आहे, फोनवर आजीला ओळखतो.

दुपारी बारानंतर मी घरीच असतो. यायला संकोच वाटत असेल तर पोस्टानं पाठवा, पत्ता तुमच्या फाइलमध्ये आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव